शब्दांची सोयरीक : इंग्रजीतील शब्दजोड्या आणि त्यांचा वाक्यात उपयोग

इंग्रजी विषयाचे नाव काढले की आपल्याकडील विद्यार्थ्याला दोन गोष्टींची धास्ती वाटते. एक स्पेलिंगची आणि दुसरी व्याकरणाची. पण स्पेलिंग पाठ करता येते आणि व्याकरणाचे नियम घोटून घेता येतात. ही दोन्ही अंगे पक्की करूनही अर्ज लिहिताना किंवा मुलाखतीत बोलताना आपले वाक्य कुठेतरी खटकते. समोरचा माणूस किंचित हसतो आणि तो का हसला ते आपल्याला कळत नाही. व्याकरण तपासावे तर चूक सापडत नाही, शब्दकोश उघडावा तर शब्दही बरोबर निघतो. मग बिघडले कुठे? पुष्कळदा ते बिघडलेले असते दोन शब्दांच्या जोडीत. प्रस्तुत लेखात याच जोडीचा विचार करावयाचा आहे.

प्रत्येक भाषेत काही शब्दांची काही शब्दांशी सोयरीक ठरलेली असते. इंग्रजीत तिला 'कोलोकेशन' म्हणतात. मराठी व्याकरणात आपण 'जोडशब्द' शिकतो, केरकचरा, मीठभाकरी, दगडधोंडा असे. ते निराळे. इथे दोन शब्द एकमेकांना चिकटलेले नसतात, मोकळेच असतात, पण एक आला की दुसरा त्याच्या शेजारी येऊन बसतो.

आता हा विषय आपल्याला अगदी नवा आहे असे कोणी समजू नये. आपण मराठीत बोलतो तेव्हा हिरवा असतो तो 'हिरवागार', पांढरा 'पांढराशुभ्र', पिवळा 'पिवळाधमक', लाल 'लालभडक' आणि काळा 'काळाकुळकुळीत'. 'हिरवाधमक' किंवा 'पिवळाकुळकुळीत' असे खेड्यातले चार वर्षांचे पोरही म्हणणार नाही. त्याला हा नियम कोणी शिकवला? कोणीच नाही. असा नियमच नाही. पाऊस मुसळधार पडतो, ऊन रणरणते, थंडी कडाक्याची पडते आणि अंधार मिट्ट असतो. 'मुसळधार ऊन' म्हटले तर व्याकरण मोडत नाही, पण ऐकणारा चमकून पाहतो. इंग्रजी बोलताना आपले जे होते ते नेमके हेच. म्हणून पहिली गोष्ट ही लक्षात घ्यावी की अशी चूक म्हणजे बुद्धीची उणीव नव्हे. आपल्या डोक्यात मराठीच्या जोड्या इतक्या पक्क्या बसलेल्या असतात की त्या इंग्रजीचे कपडे घालून बाहेर पडतात. मराठी शिकायला आलेला इंग्रजही असाच अडखळतो. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली आणि दुसरी १८५७ साली निघाली. त्या कोशात 'हात' हा शब्द काढून पाहावा. नुसता अर्थ देऊन भागत नाही हे कोशकाराला पक्के ठाऊक होते, म्हणून हाताचे कितीतरी प्रयोग त्याला त्या एका शब्दाखाली मांडावे लागले.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांना आपल्या भाषेतील या जोड्या सहसा दिसत नाहीत, जसे आपल्याला 'हिरवागार' दिसत नाही. त्या आधी दिसल्या त्या दुसऱ्या देशांतील मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांना. हॅरॉल्ड पामर हे इंग्रज गृहस्थ १९२२ साली जपानात गेले. तेथे इंग्रजी शिकवता शिकवता त्यांनी अशा ठरीव शब्दसमूहांची मोठी जमवाजमव केली आणि १९३३ साली तिचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनी पुढे परभाषिक विद्यार्थ्यांसाठी खास कोश रचला. तो १९४२ साली प्रथम टोकियोत छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने काढला. आज आपल्या मुलांच्या हाती असलेला 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' हा त्याचाच वंशज होय. 'कोलोकेशन' या शब्दाला भाषाशास्त्रात मानाचे पान मिळवून दिले ते जे. आर. फर्थ यांनी. हे फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्दाचा अर्थ त्याच्या संगतीवरून कळतो, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. त्यांचे शिष्य मायकेल हॅलिडे यांनी १९६६ साली हा मुद्दा पटवायला चहाचे उदाहरण घेतले. चहा 'स्ट्रॉंग' असतो, 'पॉवरफुल' नसतो. मोटारगाडी मात्र 'पॉवरफुल' असते. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, पण सोयरीक वेगळी.

आता आपल्या घरच्या अडचणीकडे वळू. मराठी विद्यार्थ्याला सर्वांत जास्त फसवणारी क्रियापदे दोन, 'देणे' आणि 'घेणे'. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक परीक्षा घेतात. इंग्रजीत हे नेमके उलटे आहे. विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो आणि शिक्षक ती 'गिव्ह' करतो. त्यामुळे 'आय गेव्ह द एक्झाम इन मार्च' असे वाक्य ऐकणाऱ्या इंग्रजाला वाटेल की हे महाशय परीक्षक होते. बरोबर वाक्य 'आय टुक द एक्झाम इन मार्च' असे होईल. 'सिट' आणि 'सिट फॉर' हेही चालतात. आपल्या विद्यापीठांच्या पत्रकांत 'अपिअर फॉर' सर्रास असतो, तोही इथे खपतो. दक्षिणेकडील विद्यार्थी परीक्षा 'राइट' करतात. त्याला आपल्याकडे हसतात, पण कॅनडात तोच प्रयोग रूढ आहे. तेव्हा हसण्यापूर्वी थोडा विचार करावा. मुलाखतीचेही असेच आहे. आपण मुलाखत 'देतो', पण इंग्रजीत मुलाखत 'गिव्ह' करतो तो वर्तमानपत्राशी बोलणारा मंत्री किंवा नट. उमेदवार 'हॅज ॲन इंटरव्ह्यू' किंवा 'अटेंड्स ॲन इंटरव्ह्यू'.

'शिक्षण घेणे' ही आपली फार जिव्हाळ्याची शब्दजोडी. कष्टाने शिकलेल्या माणसाच्या तोंडी ती अभिमानाने येते आणि इंग्रजीत उतरताना नेमकी तीच बिघडते. 'आय हॅव टेकन माय एज्युकेशन इन मराठी मीडियम' असे वाक्य मी अर्जांत इतक्या वेळा वाचले आहे की मोजणे सोडून दिले. इंग्रजीत शिक्षण 'टेक' करीत नाहीत. ते 'गेट' किंवा 'रिसीव्ह' करतात. त्याहून सोपी वाट म्हणजे 'एज्युकेशन' हा शब्दच टाळावा आणि 'आय स्टडीड इन अ मराठी-मीडियम स्कूल' असे सरळ लिहावे. पण म्हणून 'घेणे' म्हणजे 'टेक' कधीच नाही असेही नव्हे. शपथ घेणे 'टेक ॲन ओथ', रजा घेणे 'टेक लीव्ह', श्वास घेणे 'टेक अ ब्रेथ', इथे दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. निर्णय 'टेक' करतात आणि 'मेक'ही करतात. आक्षेप घेणे मात्र 'रेझ ॲन ऑब्जेक्शन' आणि सभा घेणे 'होल्ड अ मीटिंग'. कुठे जुळेल आणि कुठे जुळणार नाही हे सांगणारा नियम नाही, आणि खरी अडचण इथेच आहे.

'देणे' या शब्दाची आणखी एक गंमत पाहा. सल्ला, परवानगी, जन्म या गोष्टी इंग्रजीतही 'गिव्ह' करतात. पण लक्ष द्यायचे झाले तर 'पे अटेन्शन' आणि भेट द्यायची झाली तर 'पे अ व्हिजिट'. इंग्रज हा मूळचा व्यापारी, तो लक्षसुद्धा रोख मोजून देतो, असा विनोद शिक्षकमंडळी करतात. विनोद म्हणून तो ठीक आहे, आणि त्याने जोडी लक्षात राहते हा फायदाच. याच 'पे'च्या कुटुंबात 'पे ट्रिब्यूट' येते. आपण प्रतिमेला पुष्पहार घालून अभिवादन करतो, त्याचा वृत्तान्त इंग्रजी वर्तमानपत्राला पाठवताना पुष्कळ संस्था 'गेव्ह ट्रिब्यूट' असे लिहितात. तिथे 'पेड ट्रिब्यूट टू' असे हवे.

संस्थेचा पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या सभासदांना आणखी काही जोड्या हाताशी असलेल्या बऱ्या. ठराव मांडणे 'मूव्ह अ रिझोल्यूशन', त्याला अनुमोदन देणे 'सेकंड अ रिझोल्यूशन', तो मंजूर करणे 'पास' किंवा 'ॲडॉप्ट'. निधी जमवणे म्हणजे 'रेझ फंड्स' आणि पायाभरणी करणे म्हणजे 'ले द फाउंडेशन स्टोन'. कार्यक्रमाच्या शेवटी आभार मानायला उभा राहणारा माणूस 'प्रपोजेस अ व्होट ऑफ थँक्स'. ही सगळी ठरलेली वाक्ये आहेत. एकदा अंगवळणी पडली की पत्र अडत नाही.

'करणे' हे क्रियापद तर मराठीत सर्व कामांना जुंपलेले असते. इंग्रजीत त्याचे मुख्यतः दोन वाटे पडतात, 'डू' आणि 'मेक'. शाळेत असे सांगतात की काम पार पाडणे असेल तर 'डू' आणि नवे काही निर्माण होत असेल तर 'मेक'. हा आधार बरा आहे, पण त्यावर सगळा भार टाकू नये. गृहपाठ 'डू' करतात, कर्तव्य 'डू' करतात, एखाद्यावर उपकार करायचे तर 'डू अ फेवर'. चूक 'मेक' करतात, प्रगती 'मेक' करतात, वचन, गोंगाट, व्यवस्था आणि फोनही 'मेक' करतात. इथवर ठीक. पण अंथरूण नीट करणे म्हणजे 'मेक द बेड'. त्यात नवे काय निर्माण झाले? सुताराने खाट केली तरी 'मेक' आणि आईने सकाळी चादर झटकून घातली तरी 'मेक'. एखाद्यावर अन्याय करणे 'डू ॲन इंजस्टिस', पण गुन्हा करणे मात्र 'कमिट अ क्राइम'. अंघोळ 'हॅव' किंवा 'टेक' करतात. 'डू बाथ' म्हणू नये.

'लावणे' हा शब्द घेतला तर इंग्रजीची पुरती तारांबळ उडते. आपण दिवा लावतो, दार लावतो, गजर लावतो, झाड लावतो, टीव्ही लावतो आणि जखमेला मलमही लावतो. एकाच शब्दात सहा कामे. इंग्रजीत दिवा 'लाइट', दार 'क्लोज' किंवा 'शट', गजर 'सेट', झाड 'प्लांट', टीव्ही 'टर्न ऑन' आणि मलम 'अप्लाय'. यात मराठी गरीब आणि इंग्रजी श्रीमंत असे काही नाही. इंग्रजीतला 'टेक' घ्या, त्याला मराठीत किती शब्द लागतात पाहा. 'टेक अ फोटो' म्हणजे फोटो काढणे, 'टेक अ बस' म्हणजे बसने जाणे, 'टेक अ सीट' म्हणजे बसणे आणि 'टेक टाइम' म्हणजे वेळ लागणे. प्रत्येक भाषेने आपापला संसार आपापल्या सोयीने मांडलेला आहे.

विशेषणांचीही अशीच गत आहे. आपला 'कडक' शब्द पाहा. कडक चहा 'स्ट्रॉंग टी', कडक शिस्त 'स्ट्रिक्ट डिसिप्लिन', कडक थंडी 'बिटर कोल्ड' आणि कडक बंदोबस्त 'टाइट सिक्युरिटी'. मोठा पाऊस 'हेवी रेन' आणि वाहनांची मोठी गर्दीही 'हेवी ट्रॅफिक', पण मोठा आवाज 'लाउड', मोठा भाऊ 'एल्डर ब्रदर' आणि मोठी लिपी 'कॅपिटल लेटर्स'. इमारत उंच असेल तर 'टॉल', डोंगर उंच असेल तर 'हाय'. झटपट मिळणारे खाणे 'फास्ट फूड', पण तेच झटपट उरकलेले जेवण 'क्विक लंच'. असे का, हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. हिरव्याला 'गार' का आणि पिवळ्याला 'धमक' का, याचे तरी उत्तर आपण कुठे देतो?

जाता जाता क्रमाबद्दल दोन शब्द. काही जोड्यांत 'अँड' किंवा 'ऑर' असतो आणि त्यांचा क्रमही ठरलेला असतो. आपण 'रात्रंदिवस' राबतो, त्यात रात्र आधी. इंग्रज 'डे अँड नाइट' राबतो. आपण 'कमीजास्त' म्हणतो, इंग्रजीत 'मोअर ऑर लेस'. क्रम उलटा, आणि अर्थही निराळा, 'जवळपास' किंवा 'साधारणपणे' असा. 'द वर्क इज मोअर ऑर लेस कम्प्लीट' म्हणजे काम जवळजवळ झाले आहे. काम कमीजास्त झाले असा अर्थ कोणी करू नये.

काही ठिकाणी जोडीत तिसरा भिडू नसतो आणि आपण तो घुसवतो. 'डिस्कस' या शब्दातच 'विषयी चर्चा करणे' हा अर्थ आहे, त्याच्यापुढे 'अबाउट' नको. 'वुई डिस्कस्ड द मॅटर' एवढे पुरे. 'कोप' नंतर 'विथ' हवा, मध्ये 'अप' नको. 'रिटर्न बॅक' आणि 'रिपीट अगेन' यांतला शेवटचा शब्द जागा अडवण्यापलीकडे काही करीत नाही. 'पास आउट' या जोडीविषयी मतभेद आहेत. आपल्याकडे कॉलेजातून 'पास आउट' होणे सर्वमान्य झाले आहे, पण इंग्लंडात त्याचा नेहमीचा अर्थ शुद्ध हरपणे असा होतो. माझे मत असे की भारतीय इंग्रजी ही आता आपलीही भाषा आहे, तिच्यातले सगळेच प्रयोग चूक म्हणून झिडकारू नयेत. मात्र अर्ज वाचणारा माणूस कोणत्या मताचा आहे हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून अर्जात 'आय ग्रॅज्युएटेड इन २०१९' असे निर्वेध वाक्य लिहावे आणि मित्रांत बोलताना हवे ते बोलावे.

हे सगळे आपल्या मुलांना शाळेत का मिळाले नाही, असा प्रश्न साहजिकच येतो. एक कारण काळाचे आहे. मराठी माध्यमाच्या शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले. दुसरे कारण पद्धतीचे. आपल्या कितीतरी पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्या पुस्तकांचे उपकार मोठे आहेत, ते नाकारण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. पण भाषांतराच्या वाटेने शिकलेला विद्यार्थी इकडे एक शब्द, तिकडे एक शब्द असा हिशेब मांडायला शिकतो, आणि शब्दजोडीच्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही. ज्या घरांत इंग्रजी वर्तमानपत्र येते, फोनवर इंग्रजी बोलले जाते, त्या घरातले मूल या जोड्या न शिकता कानाने उचलते. ज्या घरातून पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी महाविद्यालयात गेली, तिथे कानाला ही शिदोरी मिळत नाही. मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेल्यांना हा फरक हुशारीचा वाटतो. तो हुशारीचा नसून ऐकण्याचा असतो, आणि कानाने जे राहून गेले ते वहीने भरून काढता येते.

वही कशी ठेवावी ते सांगतो. बहुतेक विद्यार्थी क्रियापदाचे पान करतात, 'मेक'चे एक, 'टेक'चे एक. माझ्या अनुभवात ते उपयोगी पडत नाही, कारण लिहिताना आधी सुचते ते नाम. मनात 'एक्झामिनेशन' तयार असते, त्याच्या मागे काय लावायचे ते अडते. म्हणून पान नामाचे करावे. 'एक्झामिनेशन' वर लिहावे आणि खाली 'प्रिपेअर फॉर', 'टेक', 'पास', 'फेल', 'पोस्टपोन' असे सोबती वाचनात सापडतील तसे टिपत जावे. प्रत्येकासमोर आपल्या आयुष्यातले एक पूर्ण वाक्य लिहावे, पुस्तकातले नको. रोज दोन नामे घेतली तरी वर्षात सातशेच्या वर होतात, आणि अर्ज, मुलाखत व कार्यालयीन पत्र यांना एवढी शिदोरी भरपूर झाली. याच कामासाठी खास कोशही निघाले आहेत. १९८६ साली 'बीबीआय' नावाचा कोश निघाला, २००२ साली ऑक्सफर्डने विद्यार्थ्यांसाठी 'कोलोकेशन्स डिक्शनरी' काढली. अभ्यासिकेच्या कपाटात तिची एक प्रत तरी असावी. मोबाइलवरचे फुकट कोशही आज शब्दाखाली उदाहरणे देतात. सवय एवढीच लावायची की अर्थ कळल्यावर कोश मिटायचा नाही, खालची वाक्येही वाचायची.

दुसरा उपाय जुना आहे, पण मला तो फार आवडतो. राणी पहिल्या एलिझाबेथचे गुरू रॉजर ॲस्कम यांच्या १५७० साली निघालेल्या 'द स्कूलमास्टर' या पुस्तकात तो लॅटिन शिकण्यासाठी सांगितला आहे. वर्तमानपत्रातला पाच-सहा ओळींचा इंग्रजी उतारा घ्यावा आणि त्याचे मराठी करावे. मूळ उतारा दोन दिवस नजरेआड ठेवावा. मग आपल्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी करावे आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून पाहावे. जिथे जिथे फरक पडेल तिथे बहुधा एक मराठी जोडी दडलेली असते. लाल शाईने ती खुणवावी. तर्खडकरांची वाट सोडायची नाही, फक्त तिच्यावरून परत यायचे.

सुरुवात 'ऑपर्च्युनिटी' या नामापासून करावी. संधी मिळणे 'गेट ॲन ऑपर्च्युनिटी', संधी देणे 'गिव्ह', संधी हुकणे 'मिस', संधी साधणे 'टेक' किंवा 'सीझ', संधी उपलब्ध करून देणे 'प्रोव्हाइड'. संधी चांगली असेल तर 'गुड', सोन्यासारखी असेल तर 'गोल्डन' आणि पुन्हा न येणारी असेल तर 'रेअर'. 'प्लीज गिव्ह मी चान्स' हे वाक्य आपल्या अर्जाच्या शेवटी हमखास येते. त्याऐवजी 'आय शॅल बी ग्रेटफुल फॉर ॲन ऑपर्च्युनिटी टू वर्क विथ यू' असे लिहावे आणि खाली सही करावी.